शेवंतीची कुंडी टाकून देऊ नका

मार्गशीर्षातले गुरुवार नुकतेच संपले. घटाला वाहिलेली शेवंती निर्माल्यात गेली आणि दिवाळीला हौसेने आणलेली शेवंतीची कुंडी आता अंगणाच्या कोपऱ्यात उभी असेल. फुलं तपकिरी, पानं पिवळी, काड्या वाळलेल्या. तुमच्या मनात आलं असेल, हिचं काम झालं, आता माती उकिरड्यावर टाकू आणि कुंडीत तुळस लावू.

आज आम्ही एवढंच सांगायला आलोय की ती कुंडी आठवडाभर तशीच राहू द्या. आमचं बोलणं ऐका आणि मग ठरवा.

आम्ही बारा जणींचा बचत गट. गेली तीन वर्षं शेवंतीच्या कुंड्या करून विकतो. त्यातल्या पहिल्या वर्षी आम्ही गटाचे पैसे बुडवले, दुसऱ्या वर्षी अर्ध्या कुंड्या वेळेवर फुललीच नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी जरा जमलं. जे शिकलो ते चुकून शिकलो. तुम्हाला त्याच चुका करायला लागू नयेत म्हणून आज सगळं क्रमाने सांगतो.

वाळलेल्या काड्यांखाली काय असतं

सुरुवात अशी झाली. आमच्या गटातल्या एक काकू तालुक्याच्या गावी तीन-चार घरी धुण्याभांड्याला जातात. दिवाळी होऊन महिना झाला, तर एका घरी सहा कुंड्या कचऱ्यात टाकायला काढलेल्या. काकूंनी कुंड्यांच्या लोभाने त्या मागून आणल्या. घरी माती ओतायला गेल्या तर खोडाच्या भोवती, मातीतून वर आलेले हिरवे कोंब दिसले. एका कुंडीत पाच, एकीत नऊ.

शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. शेवंतीची मोठी लागवड पुणे, अहिल्यानगर, सातारा, नाशिक या भागांत होते, ती याच काश्यांपासून. शेवंती हे झेंडूसारखं एका हंगामाचं झाड नाही. ज्या काडीला फुलं आली ती काडी वाळते, पण मूळ जिवंत राहतं आणि जमिनीखालून नवी पिल्लं वर सोडतं. आपल्याला वाटतं झाड मेलं. ते खरं तर बाळंतपणाच्या तयारीत असतं.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. वाळलेल्या काड्या मातीपासून चार-पाच बोटं ठेवून कापून टाका. वरची माती खुरप्याने हलकी मोकळी करा, मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला आणि कुंडी सकाळचं ऊन मिळेल अशा जागी ठेवा. पाणी बेताचं द्या. तीन-चार आठवड्यांत काश्या दिसायला लागतील.

एक गोष्ट मात्र फुलं असतानाच करायची असते. ज्यांच्या कुंडीत अजून चार फुलं शिल्लक असतील त्यांनी आजच करा. फुलाच्या रंगाचा दोरा कुंडीला बांधून ठेवा. फूल गेलं की पिवळी, पांढरी, जांभळी सगळ्या शेवंत्या एकसारख्या दिसतात. आम्ही पहिल्या वर्षी खुणा केल्या नाहीत. पुढे एका बाईंनी पिवळी म्हणून नेलेली कुंडी जांभळी फुलली. त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत.

काश्या वेगळ्या करणं

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा त्यासाठी चांगला काळ. काशी तीन-चार इंच उंच झाली की आदल्या दिवशी कुंडीला पाणी द्यावं. दुसऱ्या दिवशी मातीचा गोळा अख्खा बाहेर काढावा आणि हाताने हलकेच सोडवावा. काशीला स्वतःची पांढरी मुळं असली पाहिजेत. खोडाजवळ चिकटून आलेल्यापेक्षा खोडापासून थोडी लांब, मातीतून वर आलेली काशी जोमदार निघते. जिची पानं डागाळलेली आहेत किंवा बूड काळं पडलंय ती घ्यायचीच नाही, कितीही जीव तुटला तरी.

माती कशी करायची? दोन घमेली पोयटा माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू किंवा कोकोपीट आणि दोन ओंजळी निंबोळी पेंड. नुसती काळी माती वापरू नका, ती पाणी धरून ठेवते. पुढे पावसाळ्याचं सांगू तेव्हा कळेल का ते.

सुरुवातीला मोठ्या कुंडीची गरज नाही. आम्ही दुधाच्या पिशव्या धुऊन, खाली चार भोकं पाडून वापरतो. काशी जेवढी आधी मातीत होती तेवढीच खोल लावायची. आठ-दहा दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हापासून मात्र जपावं लागतं. शेडनेट नसेल तर जुनी सुती साडी बांधली तरी चालते.

सगळ्या काश्या विकायच्या नाहीत. प्रत्येक रंगाच्या दोन-तीन कुंड्या आईझाडं म्हणून बाजूला ठेवायच्या. मे ते जुलैमध्ये त्यांचेच तीन इंचांचे शेंडे कापून, खालची पानं काढून, ओल्या वाळूत खोचले तर दोन-तीन आठवड्यांत त्यांनाही मुळं फुटतात. म्हणजे काश्या कमी आल्या तरी रोपं वाढवता येतात.

पहिल्या वर्षाचं नुकसान

आता ज्याबद्दल बोलायला जड जातं ते सांगतो. काकूंच्या आणि इतर घरांतून गोळा केलेल्या मिळून साठ काश्या आम्ही लावल्या. गटातून अंतर्गत कर्ज काढलं, कुंड्या आणि खत आणलं. जूनपर्यंत झाडं इतकी सुंदर होती की येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. आम्ही तर दिवाळीच्या विक्रीचा हिशेबही मांडून ठेवला होता.

जुलैत संततधार लागली. चार दिवसांनी ऊन पडलं आणि झाडांनी माना टाकल्या. पानं कोमेजलेली, शेंडे लोंबलेले. आम्हाला वाटलं ऊन लागलं, तहानली असतील. बारा जणींपैकी जिची पाळी असेल ती जाता-येता तांब्याभर पाणी घालत राहिली. जितकी मान खाली, तितकं जास्त पाणी. ऑगस्टच्या शेवटी साठातली अकरा झाडं उरली.

झालं काय होतं? मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधली जागा पाण्याने भरून गेली की मुळं गुदमरतात, मग त्यांना बुरशी लागते आणि ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून झाड पाण्यात उभं असूनही वरून तहानलेलं दिसतं. आपण फसतो आणि आणखी पाणी घालतो. आम्ही आमची झाडं मायेने मारली.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. झाड कोमेजलं की आधी बोट मातीत घालायचं, पाणी नंतर. दोन पेरं आत गेल्यावर माती कोरडी लागली तर पाणी द्यायचं. ओली लागली तर पाणी बंद. कुंडी सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवायची आणि वाट बघायची. कुंडी उचलून पाहिली तरी कळतं, पाणी साचलेली कुंडी जड लागते.

पावसाळ्यासाठी आता आम्ही तीन गोष्टी करतो. कुंडीच्या भोकावर खापरीचे तुकडे ठेवतो, म्हणजे माती बसून भोक बुजत नाही. प्रत्येक कुंडी दोन विटांवर ठेवतो, म्हणजे खालून पाणी निघून जातं. आणि बांबूवर प्लास्टिकचा कागद ताणून छप्पर करतो, चारी बाजू मोकळ्या. बाजू झाकल्या तर दमट हवा कोंडते आणि पानांवर तपकिरी-काळे ठिपके पडतात. हा रोग खालच्या पानांपासून वर चढतो. अशी पानं दिसताक्षणी तोडून लांब जाळून टाकावीत, कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नयेत आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी, सकाळच्या वेळी घालावं. तरीही ठिपके वाढत गेले तर डागाळलेलं पान घेऊन कृषी सहायकाला दाखवा. दुकानदार देईल ते औषध डोळे झाकून फवारू नका.

त्या ऑगस्टच्या बैठकीत वाद झाला. एक ताई म्हणाल्या, "हे फुलांचं खूळ बंद करा, त्यापेक्षा शेळी घेतली असती तर दूध तरी दिसलं असतं." दुसरीने तर काकूंवरच बोट ठेवलं, कारण कुंड्या त्यांच्या अंगणात होत्या. काकू गप्प बसून राहिल्या. शेवटी आम्ही असं ठरवलं की नुकसान बारा जणींत सारखं वाटून घ्यायचं, एकीच्या माथी मारायचं नाही, आणि इतिवृत्तात फक्त "तोटा झाला" असं न लिहिता "तोटा कशाने झाला" हेही लिहायचं. ते पान आजही आमच्या वहीत आहे. नव्या गटांना आम्ही आधी तेच वाचायला देतो.

शेंडा खुडताना हात आवरू नका

रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा चिमटीने खुडायचा. नवख्या बाईचा हात इथे थांबतो, चांगलं वाढतंय ते कशाला तोडायचं? पण शेंडा खुडला नाही तर शेवंती उंच, किडकिडीत होते आणि टोकाला मोजकी फुलं येतात. शेंडा काढला की खालच्या पानांच्या बेचक्यांतून तीन-चार फांद्या फुटतात. त्या बोटभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. झाड झुडपासारखं भरतं आणि फुलं अनेक पटींनी वाढतात.

शेवटची खुडणी मात्र ऑगस्टमध्ये संपवायची. आमच्यात म्हणच झाली आहे, राखी बांधली की शेंड्याला हात नाही. त्यानंतर खुडलं तर येऊ घातलेल्या कळ्याच आपण तोडतो.

याच सुमारास झाड आठ ते दहा इंची कुंडीत हलवावं. शेण भिजवून गाळलेलं पाणी, दहापट साधं पाणी मिसळून, पंधरा दिवसांनी एकदा द्यावं. कळ्यांना रंग दिसायला लागला की खत थांबवावं. मोठ्या फुलाची जात असेल आणि एकच ठसठशीत फूल हवं असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या काढाव्यात. वेणीसाठी, हारासाठी हवी असेल तर सगळ्या राहू द्याव्यात.

विकत आणलेल्या कुंडीबद्दल एक सांगून ठेवतो. दुसऱ्या वर्षी ती पहिल्यासारखी बुटकी राहत नाही. नर्सरीत झाडं ठेंगणी राहावीत म्हणून वाढ रोखणारं औषध फवारतात आणि एका कुंडीत तीन-चार रोपं एकत्र लावतात. आपल्या घरी ती आपल्या मूळ उंचीने वाढतात. त्यात काही बिघडलेलं नाही. वेळेवर खुडणी करा आणि बारीक काठीचा आधार द्या.

शेवंतीला अंधार लागतो

दुसऱ्या वर्षी पावसाळा नीट पार पडला. ऐंशी कुंड्या तयार होत्या. निम्म्या काकूंच्या परसात, निम्म्या रस्त्याकडेच्या अंगणात, कारण तिथून लोकांना दिसतात. माती तीच, खत तेच, पाणी घालणारे हातही तेच. दिवाळी आली तर परसातल्या कुंड्या कळ्यांनी लगडलेल्या, आणि रस्त्याकडच्या नुसत्या हिरव्यागार. पानं बघावीत तर पुढच्यांची जास्त तजेलदार, पण कळी नाही.

कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं खत जास्त झालं. मग कृषी सहायक आले, त्यांनी कुंड्या पाहिल्या आणि वर बघितलं. त्या वर्षी आमच्या अंगणासमोर खांबावर नवा दिवा लागला होता. रात्रभर लख्ख उजेड. आम्हाला त्याचा आनंदच होता, अंधारात यायची भीती गेली होती. शेवंतीला मात्र तो सोसला नाही.

त्याचं कारण असं. शेवंती फुलायचं कधी हे रात्रीच्या लांबीवरून ठरवते. जूनमध्ये आपल्याकडे दिवस साधारण 13 तासांचा असतो, डिसेंबरात 11 तासांचा. पावसाळा सरता सरता रात्री मोठ्या होऊ लागतात आणि झाडाला कळतं की आता पानं वाढवणं पुरे, कळ्या धरायच्या. पण रात्री उजेड पडत राहिला तर झाडाच्या लेखी रात्र झालेलीच नसते. ते उन्हाळा समजून पानंच वाढवत राहतं. दिवस-रात्रीचा हा हिशेब झाडं ठेवतात हे 1920 मध्ये गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडावर प्रयोग करून दाखवलं. पुढे कळलं की महत्त्व असतं ते सलग अंधाराला. मोठ्या रात्रीच्या मध्येच काही वेळ उजेड पाडला तरी शेवंतीची कळी अडते. पॉलिहाऊसवाले शेतकरी याचाच उपयोग करतात. झाड वाढवायचं असेल तेव्हा रात्री दिवे लावतात, फुलवायचं असेल तेव्हा काळं कापड ओढतात.

आपल्याला ना दिवे लागतात ना कापड. ऑगस्टच्या मध्यापासून कळ्यांना रंग येईपर्यंत कुंडी अशा जागी ठेवायची जिथे रात्री खांबावरचा, व्हरांड्यातला किंवा दुकानाच्या पाटीचा उजेड पोहोचत नाही. रात्री कुंडीजवळ उभं राहून बघा. पानं स्पष्ट दिसत असतील तर जागा बदला. चांदण्याची काळजी नको, तो उजेड फार मंद असतो. दिवसा मात्र पाच-सहा तास ऊन हवंच.

एका श्रोत्या ताईंनी मागे विचारलं होतं, "आमची शेवंती तीन वर्षं जिवंत आहे पण फुलत नाही." ताई, तुमच्या गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असतो का ते आधी बघा.

कीड आणि आपले हात

कोवळ्या शेंड्यांवर हिरवा-काळा मावा बसतो. थोडा असेल तर पाण्याच्या धारेने धुऊन टाका. वाढला तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा.

शेवंतीने डास पळतात असं बऱ्याच जणी म्हणतात. डासांवर चालणारं पायरेथ्रम हे औषध शेवंतीच्या नात्यातल्या, पण वेगळ्या पांढऱ्या फुलाच्या झाडापासून काढतात. आपल्या अंगणातल्या शेवंतीवर डासांचा भरवसा ठेवू नका, मच्छरदाणी लावा.

आणि हे विशेष करून वेण्या, हार गुंफणाऱ्या मैत्रिणींसाठी. शेवंतीच्या पाना-फुलांच्या चिकाने काहींच्या बोटांना, मनगटाला खाज येते, कातडी तडकते. आमच्यातल्या एकीला वर्षभर वाटत होतं की हे भांड्याच्या साबणाने होतंय. काम करताना हातमोजे घाला, नंतर हात धुऊन खोबरेल लावा. तरी त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि काम शेवंतीचं आहे हे आवर्जून सांगा. कुंडीची पानं कुत्र्या-मांजराच्या पोटात जाऊ देऊ नका, त्यांना ती बाधतात.

तिसऱ्या वर्षाचा हिशेब

गेल्या वर्षी आम्ही 140 काश्या लावल्या. पावसाळ्यानंतर 118 उरल्या. दिवाळी ते मार्गशीर्ष 96 कुंड्या विकल्या, 22 आईझाडं म्हणून ठेवल्या. पहिल्या वर्षाचं कर्ज व्याजासकट गटात जमा झालं. कोणी श्रीमंत झालं नाही. बारा जणींत वाटणी केल्यावर प्रत्येकीच्या हातात आलं त्यातून कुणी मुलाची फी भरली, कुणी गॅसचा हंडा आणला. काकूंनी पैसे घेतले नाहीत, त्यांनी आणखी कुंड्या घेतल्या.

शेळीवाल्या ताई अजूनही म्हणतात, फुलांपेक्षा शेळी बरी. पण पावसाळ्यात बोट मातीत घालून ओल बघायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय, आणि कुणी विनाकारण तांब्या उचलला तर त्या हात धरतात.

तर मैत्रिणींनो, आजचं काम लहान आहे. दोरा बांधा, वाळकी काडी कापा, मूठभर खत घाला आणि महिनाभर वाट बघा. शेजारणीने कुंडी टाकायला काढली असेल तर मागून घ्या. काश्या आल्या की त्यातली एक तिलाही द्या. आणि येत्या पावसाळ्यात झाडाने मान टाकली, तर पाणी घालण्याआधी बोट मातीत घाला.

पुढच्या वेळी आम्ही अबोली आणि मोगऱ्याच्या छाटणीबद्दल बोलू. तोपर्यंत नमस्कार.